जास्तीची मात्रा

१२ मार्च

टण्ण — टण्ण — रुळाच्या तुकड्यावर हातोडी. आज दुपारी पडल्या पडल्या ऐकली. कामरगावच्या शाळेतली ती घंटा निघून कितीतरी वर्षं झाली, तिथे आता विजेची आहे. कानात मात्र तीच. आणि तिच्यामागून मी शिकवायचो तो चौथीचा वर्ग, एका सुरात कविता. शेवटच्या ओळीला सगळे घाई करायचे. घरी जायचं ना!

झोप लागली नाही. तरी उठवेना. ऊन, दुसरं काय.

१५ मार्च

मंजुषाचा पुण्याहून फोन. पोरीचा आवाज बसलेला. काम अडलंय, एवढंच बोलली.

तिचं काम समजायला मला वर्ष लागलं. किडनी बिघडली की रक्तात युरिया साचतो. त्यातलं काहीतरी रक्तातल्या प्रथिनांना जाऊन चिकटतं. नेमकं कुठे, ते तिला शोधायचं. मग प्रथिनाचे बारीक तुकडे करायचे — पेप्टाइड म्हणतात — आणि मास स्पेक्ट्रोमीटर नावाच्या यंत्रात तोलायचे. अख्ख्या तुकड्याच्या वजनावरून एवढंच कळतं की काही जास्तीचं बसलंय. कुठे बसलंय ते नाही. म्हणून यंत्र तो तुकडाही फोडतं, आणि एकेक कण तोलतं.

मी म्हटलं होतं, अगं, हे तर मात्रा मोजणं! पोरांनी रचलेली ओळ अडखळली की मी ती फळ्यावर पहिल्या शब्दापर्यंत मोजायचो, मग दुसऱ्यापर्यंत. मग उलटीकडून. जिथे हिशेब उडी मारेल तिथे जास्तीची मात्रा. किती हसली होती तेव्हा! तिच्या गाईड सरांनाही सांगितलं म्हणे.

तिची आई, विमल, किडनीच्या याच दुखण्यानं गेली. म्हणून लेकीनं हा विषय घेतला. तसं कधी बोलून दाखवलं नाही.

१६ मार्च

आज सगळं कळलं. ती चिकटल्याची खूण पेशंटांच्या रक्तात सापडली, ठीक. पण निरोगी लोकांच्याही रक्तात निघाली! निरोगी म्हणजे घरचे, नात्यातले, प्रयोगशाळेतले. दिवाळीत मीही एक नळी देऊन आलो होतो.

सरांना तिच्याच हातावर संशय. प्रथिनाची गुंडाळी उलगडायला युरियाच्या पाण्यात भिजवतात. ते पाणी जरा जास्त गरम झालं, तर बाटलीतलाच युरिया जाऊन चिकटतो. म्हणजे खूण रोगाची नाही, बाटलीची. आता सगळं पुन्हा, युरियाशिवाय. पेशंटांमधली खूणही पुसली गेली, तर पाच वर्षं गेली म्हणायची.

२० मार्च

सुगनचंदच्या खताच्या दुकानाच्या ओट्यावर बसलो. त्याला सगळं सांगितलं.

'जिंदगीभर पोत्यानं युरिया इकला गुरुजी, मले नाही चिकटला तो!' वर म्हणतो, तोंड सुजलं तुमचं, दिवसभर झोपूनच राह्यता का?

झोपतो कुठे. पडून असतो.

२७ मार्च

फोन नाही. कवितेचं पुस्तक उघडलं, तसंच मिटलं.

२ एप्रिल

फोन आला! पेशंटांमधली खूण टिकली. त्याच जागी, तेवढीच. निरोगी लोकांची गेली, बाटलीचीच होती ती.

पण एक जण सोडून. सात नंबर. नावं सरांकडे बंद, हिच्याकडे नुसते आकडे. सात नंबरला खूण पेशंटांइतकीच. निरोगी माणसात ती निघते, तर मग ती रोगाची कशी? सर म्हणतात, याचं उत्तर मिळाल्याशिवाय शोधनिबंध जाणार नाही.

मी म्हटलं, काढून टाक त्याले. एका माणसापायी कायले सारं बुडवतं?

ती म्हणाली, 'नको तो आकडा काढला का मंग उरते ते माहं मत, बाबा. काम नाही.'

फोन ठेवल्यावर लाज वाटली. जन्मभर कॉपी करणारी पोरं पकडली मी. यंदा चौदा एप्रिलच्या जयंतीलाही यायचं जमणार नाही म्हणाली.

४ एप्रिल

सात नंबरचा राग जात नाही. असेल कोणीतरी दुखणं लपवणारा. काही आजार आहे का, एवढंच विचारतात, नाही म्हटलं की झालं. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं होतं, मले काय धाड भरली! तसाच तोही म्हणाला असेल. त्याच्या एका शब्दावर माझ्या लेकीची पाच वर्षं टांगलेली.

भेटला तर दोन शब्द सुनावीन. पण बोलायलाही दम लागतो हल्ली.

७ एप्रिल

चप्पल तंग होते. उन्हानं चामडं आकसलं वाटतं.

९ एप्रिल

भाकरी थापत होतो, तर दारात मंजुषा! न कळवता. खांद्याला लहानशी पिशवी. मी म्हटलं, जयंतीले येणार नव्हती ना तू? ती उंबऱ्यातच उभी. माझ्या पायांकडे बघत राहिली, मग खाली बसून घोट्याजवळ बोट दाबलं. खळगा पडला, भरेना.

'सरनं काल नावं उघडली. मशीन खरं बोलत होती, बाबा. सात नंबर तुमी हाय.'

तव्यावरची भाकरी तिनंच उतरवली.