गुडघ्याचं निमित्त

शनिवार, १२ एप्रिल. सकाळी ६.२०

गुडघा ठणठणीत आहे. जिने चढते, गॅसचं सिलेंडर उचलते, उकिडवी बसते. तरी आज सगळ्यांसमोर म्हटलं — गुडघा दुखतोय, मी नाही उडत.

खरं कारण इथे लिहून ठेवते. पाच पंचवीसला गाडीत बसून फोनवर आसपासच्या हवामान केंद्रांचे आकडे बघत होते. इथे पान हलत नव्हतं. पण नैर्ऋत्येच्या केंद्रावर, साठ किलोमीटरवर, पारा दहा मिनिटांत सव्वीसवरून वीसवर. आणि वारा ताशी अठ्ठेचाळीस! काल रात्री उशिरा तिकडे वादळ झालं. ते विझलं, पण त्याच्या पोटातली गार हवा जमिनीलगत पसरत निघाली असणार. इथे पोचायला सव्वा तास, फार तर दीड. म्हणजे बलून उतरायच्या सुमारासच ती येणार. बलूनला ना ब्रेक ना सुकाणू. वारा ज्या वेगाने नेईल त्याच वेगाने टोपली जमिनीला टेकते.

हे सांगायलाच काकांकडे गेले होते. काका म्हणजे माझे गुरू. तीस वर्षं उडतायत, मला बर्नर धरायला त्यांनीच शिकवलं. त्यांनी चाचणीचा छोटा फुगा सोडला होता, दिवा लावलेला. सरळ वर गेला. माझ्याकडे बघून म्हणाले, "आली बघा हवामान खात्याची सून! आज काय निघालं?" सगळे हसले. ग्राउंडची माणसं, मालक, प्रवासीसुद्धा. गेल्या महिन्यात मी तीनदा उड्डाण रद्द केलं, त्यातल्या दोनदा दिवसभर झुळूकही आली नाही. तेव्हापासून हे नाव.

तोंडातून निघालं — "गुडघा."

"मग बस जाऊन. शेक घे."

माझ्या यादीतले चौघं होते. काकांच्या टोपलीत दोन जागा रिकाम्या. मालकांनी तिथल्या तिथे दोघांना तिकडे पाठवलं. एक बाई, आणि एक बँकेतला तरुण कारकून. आता काका धरून नऊ जण वर. सहा पाचला सुटले. नवरा पाठलागाची गाडी घेऊन खालून त्यांच्या मागे.

मी शेडमध्ये. वायरलेस मांडीवर. बटण दाबून म्हणू — काका, लवकर उतरा? का, विचारतील. सगळे ऐकतील. येता येता विरूनही जाते कधीकधी अशी हवा.

६.३५
अजून काही नाही. उगाच घाबरते मी!

६.४३
शेडचा पत्रा वाजला.

रविवार, १३ एप्रिल

दोन गेले. ती बाई आणि तो कारकून. दोघंही माझ्या यादीतले.

काकांचं कंबरेचं हाड मोडलंय, मांडीचंही. बाकी सहा जणांत कोणाचा हात, कोणाच्या बरगड्या. एका मुलीला अजून पुरती शुद्ध नाही.

पत्रा वाजला तेव्हा मी बटण दाबलं होतं. "काका, वारा आला, लगेच उतरा!" पलीकडून नुसता बर्नरचा आवाज. मग, "दिसतंय मला." शांतपणे. बस्स, एवढंच.

नवरा रात्रभर झोपला नाही. सकाळी चहा पुढ्यात गार होऊ दिला आणि तुकड्या-तुकड्याने सांगितलं. बलून गाडीच्या बाजूने चालला होता, आणि एकाएकी पुढे. रस्ता वळणांचा, गाडी साठने चालवूनही मागे पडली. काकांनी मोकळं शेत बघून खाली आणला, दोरी ओढून शेंड्याची झडप पूर्ण उघडली. जे करायचं ते सगळं केलं. पण कापड रिकामं व्हायच्या आतच त्यात वारा भरला, शिडासारखा. टोपली आडवी झाली आणि फरफटत निघाली. दीडशे पावलं. पुढे दगडी बांध.

"काका ओरडत होते," तो म्हणाला. "आत बसा, धरून बसा, कोणी उठू नका! बांधापर्यंत ओरडत होते."

मग माझ्याकडे न बघता, "काल तू तीन सिलेंडरं उतरवलीस गाडीतून. गुडघा नव्हता दुखत?"

मी कपबशा उचलल्या.

सोमवार, १४ एप्रिल

काही नाही लिहवत.

मंगळवार, १५ एप्रिल

फोनमधले ते आकडे पुन्हा काढून बघितले. आहेत तिथेच. ५.२० — वारा ४८. कोणालाही दिसतील. कोणी बघायला हवं होतं! काका बघत नाहीत. "आभाळ माझ्या ओळखीचं आहे" म्हणतात. म्हणून तर बघणारं माणूस सोबत असायला हवं. होतं ना सोबत. मी होते.

दिवसभर हिशेब करत बसले. शेवटी एकच उरलं — 'हवा वाईट आहे' म्हटलं असतं तर काय झालं असतं? हसले असते. आणखी काय!

बुधवार, १६ एप्रिल

मालकांनी ऑफिसात बोलावलं. दार लावून घेतलं. भिंतीवर आमचा जुना फोटो — लाल-पिवळा बलून, टोपलीत काका, बाजूला मी, पंचविशीतली, दात दिसतायत.

मालक वाईट माणूस नाही. डोळे सुजले होते त्यांचे. म्हणाले, "ताई, चौकशी लागलीय. तुम्हालाही बोलावतील. अचानक आलेला झोत, कोणाला कळणं शक्यच नव्हतं — असं दिसलं तर काका वाचतील. आपण सगळेच वाचू. वीस घरं चालतात इथे."

मी म्हटलं, मी काय सांगायचं त्यात?

"जे झालं तेच! तुमच्यासारखी घाबरट — माफ करा, जपून वागणारी — पायलट. तीन-तीनदा रद्द करणारी. ती त्या दिवशी थांबली ती हवेमुळे नाही, गुडघ्यामुळे. म्हणजे हवेत तिलासुद्धा काही दिसलं नाही. याहून मोठा पुरावा कुठला?"

हसू आलं मला. खरंच. तोंडावर रुमाल धरला, त्यांना वाटलं रडतेय. पाण्याचा ग्लास पुढे केला.

शुक्रवार, १८ एप्रिल

हॉस्पिटल. दुसरा मजला, टोकाची खोली. काकांच्या पायाला वजनं लावलीयत. दाढी वाढलीय. एवढासा चेहरा झालाय! काकू स्टुलावर मोसंबं सोलत बसल्या होत्या, मला बघून उठल्या. "बस तू. मी औषधं आणते." जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात सहन झाला नाही.

मी म्हटलं, काका —

"बोलू नकोस." डोळे छताकडे. "चौकशीवाले आले तुझ्याकडे?"

अजून नाही.

"आले की कमी बोल. विचारतील तेवढंच."

काका, मला तुम्हाला सांगायचंय —

"पोरी, मला दुखतंय. घरी जा."

तीस वर्षांत एकदाही अपघात नाही. शिकवताना म्हणायचे, उडायचं की नाही हे जमिनीवर ठरतं, वर गेल्यावर नुसतं निस्तरायचं असतं. आणि आता मला म्हणतायत, कमी बोल. म्हणजे त्यांनाही तेच हवंय — अचानक झोत. मालकांशी बोलणं झालं असणार.

राग आला मला त्यांचा. कोण मी राग धरणारी! पण आला.

शनिवार, १९ एप्रिल

आठ दिवस झाले. आज आभाळ स्वच्छ, वारा नाही. उडण्यासारखी सकाळ. खिडकी लावून घेतली.

सोमवार, २१ एप्रिल

शेडमध्ये सिलेंडरांची यादी करत होते. दारात एक माणूस उभा. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, शर्टाच्या खिशात घड्याळजीचं भिंग. गेलेल्या त्या बाईंचे यजमान. घड्याळं दुरुस्त करतात.

मी त्यांना त्या दिवशी बघितलं होतं. बलून सुटताना खाली उभे राहून हात हलवत होते.

खुर्ची दिली. बसले नाहीत. टोपली कुठेय विचारलं. म्हटलं, चौकशीवाल्यांनी नेली. मान हलवली. मग म्हणाले, "ती तुमच्या यादीत होती ना?"

हो.

"मीसुद्धा होतो. दोघांची तिकिटं होती." भिंग खिशातून काढलं, परत ठेवलं. "तुमचं उड्डाण रद्द झालं, पलीकडे दोनच जागा. तुमचे मालक म्हणाले, एकत्र जा दोघं. मी म्हटलं, तू जा, बॅगा कोण सांभाळणार? बॅगा कसल्या हो! एक पिशवी होती. मी उंचीला भितो. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, तिला कधी सांगितलं नाही. लाज वाटली. म्हणून तो पोरगा गेला माझ्या जागी. सगळ्यांना बॅगांचंच सांगतोय अजून."

मी उभीच होते. हातात यादी.

"एकच विचारायला आलो. वारा येणार हे कोणालाच कळलं नव्हतं का? तुमचे मालक म्हणतात, शक्यच नव्हतं. तसं असेल तर... तसं असेल तर निदान —" मग माझ्या पायाकडे बघून म्हणाले, "तुम्ही तरी खऱ्या दुखण्याने थांबलात. तुमची काही चूक नाही."

आणि मी काय केलं? गुडघ्यावर हात ठेवला! आपोआप. दुखतो तसा चोळला!



मंगळवार, २२ एप्रिल

नवऱ्याला सगळं सांगितलं. भांडी घासता घासता, पाठ करून. आकडे, काकांनी ठेवलेलं ते नाव, सगळ्यांचं हसणं, मांडीवरचा वायरलेस. तो पुसत होता. मधे एकदाही थांबला नाही. शेवटचं ताट जागेवर ठेवलं आणि म्हणाला, "मला माहीत होतं, गुडघा नाही ते. तुझं काहीतरी बिनसलंय वाटलं, म्हणून विचारलं नाही. विचारायला हवं होतं."

मी म्हटलं, खरं सांगितलं तर काका संपतील. माझा परवाना जाईल. कंपनी जाईल, तुझी गाडी जाईल.

"हं."

नाही सांगितलं तर?

"तर सगळं राहील." फडकं पिळून दोरीवर टाकलं. "तू त्या दिवसापासून पोळीचा तुकडा मोडतेस आणि तसाच ठेवतेस. मी मोजत नाही, पण दिसतं. आणखी काय सांगू?"

आता तो झोपलाय. घोरतोय! दहा दिवसांनी पहिल्यांदा.

गुरुवार, २४ एप्रिल

सांगितलं.

चौकशी अधिकारी म्हणजे एक बारीकशा बाई, चष्मा साखळीला लावलेला, समोर तीन टोकदार पेन्सिली. खोलीत पंख्याचा खडखड आवाज. मालक बाहेर बाकावर बसलेले, आत जाताना मला म्हणाले, "ताई, पाणी पिऊन घ्या आधी."

बाईंनी विचारलं, त्या सकाळी तुम्ही का नाही उडालात?

म्हटलं, हवेमुळे. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. फोन पुढे केला मी, आकडे दाखवले. किती वाजता बघितले, मनात काय हिशेब मांडला, सगळं. काकांना सांगायला गेले आणि सांगितलं नाही, हे. वायरलेस हातात असून अर्ध्या तासाहून जास्त बोलले नाही, हे. का नाही बोललात? म्हटलं, हसतील म्हणून. त्यांनी ते शब्द तसेच लिहून घेतले. कागदावर किती लहान दिसतं ते — हसतील म्हणून.

"दुसऱ्या पायलटना यातलं काहीच माहीत नव्हतं?"

माझ्याकडून तरी नाही. आकडे त्यांनीही बघायला हवे होते. ते बघत नाहीत, हे मला माहीत होतं.

"तुम्हाला कळतंय ना, याने तुम्हा दोघांचं काय होईल?"

हो म्हटलं. प्रत्येक पानावर सही केली. पाच पानं.

बाहेर आले तर मालकांनी माझा चेहरा बघितला. नुसते उठून चालायला लागले. बिचारे. बाकावर छत्री विसरले.

घरी येऊन दोन पोळ्या खाल्ल्या. घड्याळजींना पत्र लिहायला घेतलंय. तीन ओळींच्या पुढे जात नाही. पण काकांना तोंड कसं दाखवू?

शुक्रवार, २५ एप्रिल

बाईंनी परत बोलावलं. दुसरा एक कागद पुढे ठेवला. काकांचा जबाब. तेरा तारखेचा! ऑपरेशनला नेण्याआधी त्यांनी स्वतः चौकशीवाल्यांना बोलावून लिहून घ्यायला लावलेला. "तिने मला बाजूला घेऊन वाऱ्याचं स्पष्ट सांगितलं होतं. उडू नका म्हणाली. मी ऐकलं नाही. प्रवासी घाबरू नयेत म्हणून गुडघ्याचं कारण मीच तिला सांगायला लावलं. तिचा यात दोष नाही." खाली वाकडीतिकडी सही.

यातला एक शब्द खरा नाही. 'कमी बोल' म्हणाले ते यासाठी.

बाई म्हणाल्या, "दोन्ही तर खरे असू शकत नाहीत. कोणता धरू?"

काकांचा कागद त्यांच्याकडे परत सरकवला.

माझा, म्हटलं.