अकरा घड्याळं आणि बाराव्या खान्यातला स्क्रू

ती. ताईंना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार (पाठीत उसण भरली आहे, तेव्हा जेवढं वाकता आलं तेवढं गोड मानून घ्या). तुमचे गुडघे, यजमानांचं पित्त आणि शेजारणीशी चाललेलं तुमचं भांडण ही तिन्ही दुखणी आटोक्यात असतील अशी आशा करते. इकडे सगळे खुशाल. तुमचा भाऊ तर इतका खुशाल आहे की त्याच्याकडे बघून बाकीच्यांची तब्येत बिघडते.

पत्र कशाला, फोन का नाही, असं विचाराल. फोनवर बोललं की बाबा ऐकतात, आणि मला जे सांगायचंय ते त्यांच्या कानावर जाता कामा नये, कारण त्यात त्यांचं कौतुक आहे. एकदा कळलं की सहा महिने घरात वावरणं कठीण होईल. परवा त्यांनी तुम्हाला कळवलं की घड्याळाचं दुकान बंद करतोय, महिनाअखेर गाडी घेऊन ये, मी तुझ्याकडे राहायला येतो. चार वर्षं तुम्ही मागे लागला होतात, त्यामुळे तुम्हाला आनंद झाला असणार. पण हे अचानक का, ते त्यांनी सांगितलं नसणार. ते सांगायला हा कागद.

मूळ तुम्हीच दिलेला फोन. (दोष देत नाही, फक्त नोंद करते.) डोळ्याला भिंग लावून दिसेनासं झाल्यापासून बाबा तो फोन स्टँडवर आडवा लावतात आणि कॅमेऱ्यातून मोठं करून घड्याळाच्या पोटात बघतात. शोध त्यांचा स्वतःचा, कोणी शिकवला नाही. पण त्या फोनमध्ये कंपनीनेच घातलेलं एक ॲप आहे, जे काढता येत नाही आणि वाटेल तेव्हा पडदाभर जाहिरात फेकतं. बाबा श्वास रोखून केसासारखी स्प्रिंग चिमट्यात धरतात आणि नेमकी तेव्हा समोर पोट कमी करण्याचा पट्टा घातलेली बाई नाचू लागते. तिसऱ्या खेपेला स्प्रिंग जी उडाली ती आजतागायत सापडलेली नाही (नवी मागवावी लागली). त्या दिवसापासून बाबांनी घड्याळं उघडणं चालू ठेवलं, बंद करणं थांबवलं. उघडायला डोळे लागत नाहीत, बंद करायला लागतात, असं त्यांचं म्हणणं. अशी अकरा झाली. एकेका घड्याळाचे भाग एकेका खान्यात, आमच्या फ्रिजमधल्या बर्फाच्या ट्रेमध्ये. ट्रेला खाने बारा, घड्याळं अकरा, आणि आम्ही महिनाभर कोमट सरबत पितोय. कुठला भाग कुठून निघाला याचे फोटो मात्र फोनमध्ये, पायरीपायरीने काढलेले.

फोन दाखवायला नेला तर सर्व्हिस सेंटरमधला मुलगा म्हणाला, "काका, नवीन घ्या." बाबांनी घरी येऊन फोन पुन्हा स्टँडवर लावला. मग म्हणाले, "काटा सैल झाला म्हणून घड्याळ फेका, असं मी गिऱ्हाइकाला सांगितलं असतं तर माझ्या वडिलांनी मलाच फेकलं असतं." तेव्हा मी (आता इथे जरा सांभाळून वाचा) म्हणाले की फोन रूट करता येतो. म्हणजे असं, की फोन विकत आपण घेतो पण आतल्या खोल्यांच्या किल्ल्या कंपनीकडे राहतात. रूट केलं की त्या आपल्या हाती येतात आणि नको त्या भाडेकरूला बाहेर काढता येतं. मी ते कधी केलं नव्हतं. पण बावीस वर्षं ग्रंथालयात काढल्यावर माणसाला वाटतं की छापील सूचना वाचून काहीही जमतं.

सूचना लिहिणारा इंटरनेटवर स्वतःला 'रिकामटेकडा' म्हणवतो. मी त्याची एकोणीस पानं छापून आणली. बाबांनी लाल पेन्सिल घेऊन ती तीन दिवस वाचली. चौथ्या दिवशी म्हणाले, "हा माणूस रिकामटेकडा नाही. प्रत्येक पायरीच्या आधी, ती चुकली तर मागे कसं यायचं ते लिहिलंय. असा शिकवणारा मला मिळाला असता तर माझी पहिली सहा घड्याळं वाचली असती."

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर बसलो. सुरुवातीलाच सेटिंगमधल्या एका ओळीवर सात टिचक्या मारायच्या असतात. बाबांनी मोजून मारल्या आणि फोनने जाहीर केलं की आता तुम्ही डेव्हलपर झालात. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, परीक्षेला न बसता! बाबांनी ते दोनदा वाचलं आणि तुमच्या भावाकडे पाहिलं (त्याला पदवीला सात वर्षं लागली, टिचक्या नव्हेत). पुढे दोन तास कॉम्प्युटर फोनला ओळख देईना. मी चार सेटिंगा बदलल्या, तुमच्या भावाने कॉम्प्युटर तीनदा बंद करून चालू केला. बाबा म्हणाले, "वायर बदल." बदलली. ओळख पटली. पान दोनवर लिहिलेलंच होतं.

पान चार: फोन पुसला जाईल, आधी सगळं सुरक्षित जागी उतरवून ठेवा. ते काम माझ्याकडे होतं. मी सगळे फोटो काळजीपूर्वक एका नव्या फोल्डरमध्ये ठेवले, त्याला 'अतिशय महत्त्वाचं' असं नाव दिलं, आणि ते फोल्डर, ताई, त्याच फोनमध्ये ठेवलं. बावीस वर्षं मी लोकांवर ओरडते की पुस्तक जागच्या जागी ठेवा. ठेवलं. जागच्या जागीच.

"सगळं ठेवलंस ना?" बाबांनी विचारलं. मी म्हणाले, "हे काय विचारणं झालं, बाबा?" त्यांनी विश्वासाने बटण दाबलं. पाच मिनिटांनी फोन तान्ह्या बाळासारखा कोरा होऊन आम्हाला नमस्कार करत होता. तुमचा भाऊ म्हणाला, "मी आधीच म्हणणार होतो." (तो नेहमी आधीच म्हणणार असतो.) बाबांनी ट्रे जपून बाजूला सरकवला. मग म्हणाले, "दुसरी किल्ली कपाटात ठेवून कपाटाचं दार ओढून घेतलंस, सूनबाई." बस, एवढंच. आवाज नाही, आदळआपट नाही. "चालायचं. पान सात काढ."

नवव्या पानावर फोन कंपनीच्या चिन्हावरच अडकून बसला. उजळायचा, विझायचा, परत उजळायचा, चाळीस मिनिटं. मी मनातल्या मनात तुम्हाला तोंड कसं दाखवायचं ते ठरवत होते. बाबा अकरावं पान शांतपणे वाचत होते. मूळची फाइल परत घातली, फोन जागा झाला, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आणि या खेपेला साधलं. नाचणारं ॲप त्यांनी स्वतःच्या बोटाने काढलं. "गेलं?" "गेलं." "परत येणार नाही?" "नाही." मग त्यांनी चहा मागितला. (बँकेचं ॲप मात्र आता उघडत नाही, म्हणतं हा फोन सुरक्षित नाही. बाबा म्हणतात, आत्ता कुठे झाला.)

आता मुद्दा. तुम्हाला त्यांनी कबूल केलेलं आठवतं ना, की ज्या दिवशी मला उघडलेलं घड्याळ नीट बंद करता येणार नाही, त्या दिवशी दुकानाला कुलूप? तर फोटो नसताना, नुसत्या आठवणीवर, त्यांनी चार दिवसांत अकराच्या अकरा घड्याळं जुळवली. तुमच्या यजमानांचं जाडजूड घड्याळसुद्धा, ज्यात वेळेपेक्षा चक्रंच जास्त आहेत. पूर्वी ते प्रत्येक भाग बोटाने चाचपत आणि मान हलवत, तसेच. मी शेजारी, घसरणारा चष्मा सावरत ट्रेवर ओणवी. अकरा घड्याळं एका सुरात चालू लागली तेव्हा, खोटं कशाला सांगू, मला भरून आलं.

आणि मग बाराव्या, रिकाम्या खान्यात एक स्क्रू दिसला.

बाबांनी अकराही घड्याळं पुन्हा उघडली. दोनदा. कुठेही भोक रिकामं नाही. "स्क्रू उरला म्हणजे घड्याळ बंद झालं नाही, नुसतं झाकलं गेलं," म्हणाले, आणि उठून तुम्हाला फोन लावला. दिलेला शब्द म्हणजे शब्द. तेव्हापासून चिमटे पुसून डब्यात भरताहेत आणि जेवताना मीठसुद्धा मागत नाहीत. म्हणून हात जोडून सांगते, गाडी आणू नका. अकरा घड्याळं बिनचूक चालताहेत. एका स्क्रूसाठी अशा माणसाला बाल्कनीतल्या खुर्चीत बसवू नका. ते चुकले की तुमचे आणि जिंकले की आमचे असा माझा हिशेब असायचा. या खेपेला काहीही ठरो, ते आमचेच.

तुमची,
धाकटी

ता. क. – सही करताना चष्म्याची डावी दांडी हातात आली. बिजागरीत स्क्रू नाही. पळत दुकानात गेले. बाबांनी स्क्रू फोनखाली धरला, मग चष्मा, मग स्क्रू बसवला, बसला. माझ्याकडे बघून म्हणाले, "अकरा घड्याळं दोनदा तपासली, सुनेचं नाक तपासायचं राहिलं." चिमटे डब्यातून बाहेर आले आहेत. रात्री आमटीत मीठ कमी आहे म्हणाले.

ता. क. २ – तेव्हा वरचं रडगाणं रद्द समजा. तरी गाडी घेऊन याच, घड्याळ न्यायला. यजमानांना मात्र फोन घरी ठेवायला सांगा. हल्ली बाबा दिसेल त्या फोनला सात टिचक्या मारतात.

ता. क. ३ – ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते राहिलंच. येताना बर्फाचे ~~दोन~~ चार ट्रे आणा.

(दोन खोडून चार मी केलेले नाहीत. अक्षर बाबांचं आहे, पेन्सिल लाल आहे. म्हणजे पत्र पहिल्यापासून वाचलंय. आता पुढचे सहा महिने तुम्हीच त्यांना घेऊन जाता का?)