अंतराळयानाला चाळीस मिनिटं उशीर

इंदिरानगर, बंगळूर
१२ सप्टेंबर १९९६

ती. सोयरावन्सं यांना संयोगिताचा वाकून नमस्कार. (गुडघ्यांमुळे प्रत्यक्षात वाकणं बंद झालंय, पण पत्रात अजून जमतं.) मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं हे कळून जीव भांड्यात पडला. तंजावरचा उकाडा उतरला असेल. इथे सगळे बरे आहोत. तुमचे बंधू दोन्ही कानांत कापूस घालून क्रिकेट पाहतात; कापूस कशासाठी ते पुढे येईलच. आता वन्सं, खुर्चीत नीट टेकून बसा. माझी कॅसेट निघाली!

भजनांची नव्हे. रॉक संगीताची. अंतराळयानांचा एक कार्टून सिनेमा तयार होतोय, त्यातल्या गाण्यांची कॅसेट आज सकाळी हातात पडली आणि तिच्या कागदावर, ड्रमवाल्याच्या खाली नि आभारांच्या वर, माझं पूर्ण नाव छापलंय. स्पेलिंगची चूक नाही. भिंगातून तीनदा पाहिलं.

आमच्या वरच्या मजल्यावर गुरुराज नावाचा भाडेकरू आहे. हुबळीचा, केस खांद्यापर्यंत, पण वागायला सालस. तो नि त्याचे मित्र दिवसभर सिनेमाची चित्रं काढतात (एका माणसाने नुसते डोळे मिटायचे तर बारा चित्रं लागतात; मी म्हटलं, मग त्याला जागाच ठेवा) आणि संध्याकाळी गिटारी घेऊन पृथ्वी हादरवतात. जूनमध्ये मी तावातावाने वर गेले आणि खाली माझ्या देवघरातली समई चालायला लागलीय, हे ठणकावून सांगितलं. त्यावर माफी मागायची सोडून तो ओरडला, "अक्का, स्वल्प थांबा! परत बोला! अगदी असंच!" आणि माझ्या तोंडापुढे माइक धरला.

त्यांची गोष्ट अशी, की पृथ्वी शेवटच्या घटका मोजतेय, लोकांना घेऊन शेवटचं यान निघालंय आणि ऐन गाण्यात यानाचा कॉम्प्युटर प्रवाशांना सूचना देतो. त्या कॉम्प्युटरला आवाज हवा होता. आता एकतीस वर्षं मी स्टेशनवर कन्नड, हिंदी आणि इंग्रजीत घोषणा केल्या हे तुम्ही जाणताच. (कॉन्व्हेंटमध्ये मदर सुपीरियरनी स्वच्छ उच्चारांसाठी दिलेलं पदकही तुम्ही पाहिलंय. दोनदा.) मी निवृत्त झाले त्याच महिन्यात माझ्या जागी मशीन बसलं हेही तुम्हाला ठाऊक आहे. कुणा बाईचे आकडे त्यात सुटे सुटे भरलेत. "सात" म्हणते, मग बहुतेक चहा पिऊन येते, मग "वाजून" म्हणते. दोन वर्षं मी त्या स्टेशनावर पाऊल ठेवलेलं नाही. आणि आता हा मुलगा मलाच सांगतो, की अक्का, मशीनसारखं बोला, भावना नकोत! मी म्हटलं, "बाबा रे, मशीनने मला घालवलं. मी मशीनचं सोंग घेणार नाही. तुझ्या मशीनला माणसासारखं बोलावं लागेल." तो मान तुकवून म्हणाला, "सरी, अक्का."

रेकॉर्डिंगला हेडफोन माझ्या अंबाड्यावर बसेना, तीन आकडे काढावे लागले. कागदावर एकच वाक्य होतं, यान दहा सेकंदांत सुटेल. ड्रम तापले, गिटार किंचाळली, गुरुराजने हात केला आणि वन्सं, एकतीस वर्षांची सवय! मी डोळे मिटून तिन्ही भाषांत सांगून टाकलं, की यान चाळीस मिनिटं उशिरा सुटेल, प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. तीन भाषांना वेळ लागतो, म्हणून बिचारा ड्रमवाला बडवतच राहिला. मी मरणाची शरमले. गुरुराज मात्र उड्या मारत होता. त्याने रातोरात नवी चित्रं काढली. पृथ्वी मागे जळतेय आणि प्रवासी ट्रंकांवर बसून डबे उघडताहेत.

मग मुंबईहून कॅसेट कंपनीचे उमाकांत आले. ऐकलं, मान डोलावली, आणि म्हणाले, "आजी, आवाज छान, पण वयस्कर वाटतो हो. कॉम्प्युटर तरुण पाहिजे." आजी! स्वतःच्या डोक्यावर सात केस! त्यांनी एका मॉडेल मुलीचा आवाज भरूनही आणला होता. तो घेतला नाही तर कॅसेट निघणार नाही, असं त्यांनी सांगितल्यावर गुरुराजचं तोंड एवढंसं झालं. वन्सं, तुम्हाला म्हणून सांगते, माझ्या घशाखाली दोन दिवस घास उतरला नाही. पुन्हा माझ्या जागी दुसरी बाई! तिसऱ्या दिवशी, उमाकांत मुंबईला परतायच्या आधी, वर जाऊन म्हटलं, दोन्ही आवाज लावा, मी एक अक्षर बोलणार नाही. (हे ऐकून तुमचे बंधू कापूस काढून हसले.)

आधी त्या मुलीचं लागलं. मधाळ आवाज, खोटं का बोला. उमाकांत बिस्किट चहात बुडवत होते, आमची अंबुबाई जिना झाडत होती, ती झाडतच राहिली. मग माझं लागलं. "कृपया इकडे लक्ष द्या" एवढंच झालं, तर अंबुबाईने, जिने जन्मभर माहेरची गाडी माझ्याच आवाजावर पकडली, झाडू टाकला, बादली कडेवर घेतली आणि उभी राहिली. आणि उमाकांत! तरुणपणी कॅसेटींच्या पेट्या घेऊन आमच्याच स्टेशनवरून गावोगाव हिंडलेला माणूस, बिस्किट तसंच चहात सोडून ताडकन उठला, बॅग उचलली, घड्याळ पाहिलं आणि मला विचारलं, "कुठल्या प्लॅटफॉर्मला?"

"चार नंबर," मी म्हटलं. "सावकाश जा. चाळीस मिनिटं आहेत."

ते बॅग घेऊन पुरतं अर्धं मिनिट उभे होते. मग बसले आणि म्हणाले, "बाई, तुमचाच ठेवू." आजी नव्हे. बाई.

तब्येतीला जपा, डोळ्यांत औषध वेळेवर घाला. मुलांना आशीर्वाद.

तुमची,
संयोगिता

ता. क. कॅसेट सोबत आहे. दुसरी बाजू, तिसरं गाणं. आवाज बारीक करून ऐकू नये, माझा अपमान होतो.

ता. क. दुसरा. पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. सिनेमाच्या उत्तरार्धात शनीची महाराणी आहे. तिला कुणाचं काहीही पसंत पडत नाही आणि ती नुसत्या बोलण्याने ग्रह गोठवते. गुरुराज महिनाभर आवाज शोधतोय. मी तत्काळ तुमचं नाव दिलं. वाक्य एकच आहे: "तुमच्याकडे हे असंच असतं वाटतं?" माझ्या पहिल्या दिवाळीच्या करंज्या पाहून म्हणाला होतात, अगदी तसं म्हणायचं. सरावाची गरज नाही.

ता. क. तिसरा. तुमचा होकार मी परवाच कळवून टाकलाय. आता माघार घेता येणार नाही, कारण महाराणीचं नाक माझ्या लग्नातल्या तुमच्या फोटोवरून घेतलंय आणि त्याची सहाशे चित्रं काढून झाली आहेत.