पाचशे यार्डांच्या आतलं

७ डिसेंबर
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद हवी. चाकणच्या भंगारवाल्याकडून आणलेली नळी पडवीत आडवी ठेवली. तो तिला बोअरचा पाइप समजत होता. मी बघताक्षणी ओळखलं. विमान पाडायच्या तोफेसाठी अंतर मोजायचं यंत्र. सतरा वर्षं तोफखान्यात काढली आहेत. (स्टोअरमध्ये. पण स्टोअर तोफखान्याचंच होतं.) मधल्या भिंगातून बघितलं की विमानाचा वरचा अर्धा भाग एकीकडे दिसतो, खालचा दुसरीकडे. चाक फिरवून दोन्ही जुळवले की अंतर कळतं. २६ जानेवारीला शाळेत चालू करून दाखवतो, असं हेडमास्तरांना सांगूनही टाकलं.

डाव्या टोकाची लेन्स नाही. किरकोळ बाब.

बायकोला, पुष्पालाही, लेन्सच हवी आहे. मंचरच्या डॉक्टरांनी दिवाळीत सांगितलं, मोतीबिंदू पिकलाय, काढून लेन्स बसवा. दुसरा डोळा तिचा आधीच अधू. बसवू. एका वेळी एकच काम, हा माझा नियम आहे.

११ डिसेंबर
नळीवरची पितळी पट्टी चिंचेने घासली. अक्षरं वर आली. पाचशे यार्डांच्या आत यंत्र चालत नाही, असं लिहिलंय. बरोबरच आहे. जवळचं बघायला यंत्र कशाला, ते दिसतंच.

चहात मीठ. पडवी अडली म्हणून पुष्पाचा निषेध. मी गपचूप प्यायलो. शिस्त.

१५ डिसेंबर, सकाळी ९
पहाटे पाचला उठायचा संकल्प उद्यापासून. आज थंडी होती.

१९ डिसेंबर
जुन्नरला सयाजी फोटोवाल्याकडे गेलो. त्याने जुन्या कॅमेऱ्याची लेन्स दिली. बसवली. गावाची पाण्याची टाकी उलटी दिसली. मेव्हणा बहिरू मेंढरं घेऊन इकडे आलेला, त्यानेही डोळा लावला. म्हणाला, दाजी, मेंढरांची तंगडी आभाळाला लागल्यात, ह्यानं इमान पाडायचं का मेंढरू? त्याला काय कळणार. तांत्रिक विषय आहे.

२८ डिसेंबर
चैन नाही. मंचर, नारायणगाव, पुण्याचा जुना बाजार, सगळीकडे फोन. कुठूनही आणा, पण लेन्स आणा. जेवताना फोन, अंघोळीला जाताना फोन. संध्याकाळी पुष्पा नळीच्या स्टँडला अडखळून पडली. स्टँडला काही झालं नाही.

४ जानेवारी
पुष्पाने मासवडी केली. न मागता. बहिरू आला आणि सरळ पाया पडला. म्हणाला, दाजी, आक्कासाठी लेन्स हुडकत तुमी सारा जिल्हा पालथा घातलाय, लई उपकार झालं. काय बोलतोय ते आधी कळेना. पुष्पा फोनवरचं ऐकते वाटतं. कुंपणापलीकडच्या कोंडाबाईला सांगत होती, मला वाटलं व्हतं ह्यान्ला माजी काय पडली न्हाई, पर रोज धा ठिकाणी इचारत्यात. आवाज मऊ होता. असा मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

लगेच खुलासा करणार होतो. मासवडी गार झाली असती. उद्या करतो.

९ जानेवारी
खुलासा राहिला. आज शेंगदाण्याचे लाडू. खाताना असले विषय काढू नयेत.

१८ जानेवारी
सयाजीचा फोन. बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजच्या प्रोजेक्टरची लेन्स हाती लागली म्हणे. मी घरभर ओरडून सांगितलं, लेन्स मिळाली, आणि तसाच जुन्नरला पळालो.

परत आलो तर पुष्पा ठेवणीतली साडी नेसून, पिशवी भरून ओट्यावर बसलेली. म्हणाली, निघायचं का? मी म्हणालो, कुठं? आणि तिच्यासमोर लेन्स नळीत बसवून दाखवली. टिच्चून बसली. ती उठली. पिशवी घेऊन आत गेली. भारावली असणार.

२० जानेवारी
चाचणी. पुष्पा अंगणात धुणं वाळत घालत होती, तिच्यावरच रोखलं. डोकं एकीकडे, धड एकीकडे. चाक फिरवून मनगट दुखलं, जुळेना. तिला म्हणालो, हलू नकोस. ती म्हणाली, हलायला आदी दिसाया नगं का?

चहात मीठ नाही. चहाच नाही.

२५ जानेवारी, रविवार
कळंबला मोतीबिंदूचं शिबिर आहे. बहिरू सकाळीच तिला न्यायला आला. मी म्हणालो, उद्याचा कार्यक्रम एकदा होऊ दे, मग मी स्वतः नेतो, चांगल्या दवाखान्यात. पुष्पा म्हणाली, तुमची लेन्स बसली न्हवं, आता माजी मी बसवून घेते. निघाली.

मी नळीपाशी बसलो. सराव करायचाच होता. रस्त्याने जाताना तिला भिंगात धरलं. तेच, दोन तुकडे. चाक फिरवत राहिलो. ती पाण्याच्या टाकीच्या पुढे गेली आणि तुकडे एकदम जुळले. स्वच्छ. सहाशे वीस यार्ड.

तिचा एक हात बहिरूच्या खांद्यावर होता. पाऊल पुढे टाकायच्या आधी पायाने जमीन चाचपते, मग टाकते. प्रत्येक पाऊल. किती दिवस अशी चालतेय कोण जाणे. घरात मला कधी दिसलं नाही. वाईट वाटलं. हाक मारली. तेवढ्या लांब ऐकू जात नाही.

यंत्र बरोबर चालतंय. हेडमास्तरांना कळवायचं राहिलं.

चहा करायला गेलो. फळीवर दोन सारखे डबे. साखर समजून एकातलं दोन चमचे घातलं. मीठ निघालं.