अडतीस आणि एक्केचाळीस

४ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी चाचणी कार्यालयात तुमची खुर्ची तुमचीच म्हणून ओळखली जाते. सध्या तिच्यावर टेबलपंखा ठेवलाय. तो तुमच्यासारखाच मान हलवतो, पण मध्ये बोलत नाही.

कामाचं असं, की तळघरातल्या बुद्धिचाचणीच्या जुन्या उत्तरपत्रिका एकतीस तारखेला यंत्रात घालून फाडणार आहेत. ज्याची त्याने स्वतः लेखी मागितली तरच मिळेल. यादी करायचं काम माझ्याकडे आलं. त्यात तुमची आणि आईची पत्रिका सापडली. बघायच्या नव्हत्या, पण बघितल्या.

तुमची साठांपैकी अडतीस उत्तरं बरोबर, बुद्ध्यांक ११२. आईची तीन वर्षांनंतरची, साठांपैकी एक्केचाळीस बरोबर, आणि बुद्ध्यांक १०८. प्रश्न तेच, वय दोघांचंही अकरा. ११० च्या वर असेल त्याला वरची शाळा, म्हणून तुम्ही तिकडे गेलात आणि आई शिवणवर्गात. मी तीनदा मोजलं. तपासनिसाने घोळ घातला असेल म्हणावं, तर दोन्हीकडे आकडेमोड बरोबर आहे.

मामा, आपल्या घरात तुम्ही हुशार आणि आई मठ्ठ, हे इतकं ठरलेलं आहे की कोणी त्यावर बोलतसुद्धा नाही. बासष्टाव्या वर्षीही ती साधा अर्ज तुम्हाला वाचून दाखवल्याशिवाय सही करत नाही. तेव्हा हे काय आहे ते मला समजावून सांगा, आणि तिला सांगायचं का तेही.

मामींना नमस्कार. लोभ नेहमीइतका असू द्या, जास्त मागत नाही.

तुमची भाची

९ मार्च

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

पंख्याला माझा नमस्कार सांग.

घोळ कोणी घातलेला नाही. शंभर बुद्ध्यांक म्हणजे शंभर उत्तरं नव्हेत. त्या वयाची मुलं सरासरी जिथे पोचतात, त्या जागेला शंभर म्हणायचं, एवढाच तो करार. हजारभर मुलांना बसवून तक्ता तयार करतात आणि पुढच्या मुलांना त्यावर ताडून बघतात. अडचण अशी, की दर पिढीची मुलं आधीच्या पिढीपेक्षा जास्त प्रश्न सोडवतात. शाळेत जास्त वर्षं जातात म्हणून, की लहानपणापासून चित्रं आणि कोडी बघतात म्हणून, की खाणंपिणं सुधारलं म्हणून, यावर आमच्या कार्यालयात तीस वर्षं वाद चालला. माणसं शहाणी होत गेली असं म्हणायला मात्र माझी जीभ रेटत नाही. सोबत काम केलेली मंडळी डोळ्यांसमोर येतात.

तर तक्ता जुना झाला की सगळेच हुशार निघायला लागतात, म्हणून तो अधूनमधून नवा करावा लागतो. माझ्या वेळी पंचवीस वर्षांपूर्वीचा तक्ता चालू होता. तुझ्या आईच्या वर्षी नवा आला. नियमाप्रमाणे दोन्ही बरोबर आहे.

तिला सांगून काय साधणार? तिचं दुकान चालतंय, चार यंत्रं आहेत, हाताखाली बायका आहेत. पत्रिका जाऊ दे यंत्रात. तुझ्या खोकल्याचं काय झालं ते कळव. तळघरात तशीच गारठत बसू नकोस, स्वेटर घाल.

तुझा मामा

१४ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

खोकला गेला. स्वेटर घालते.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पटलं. तुम्ही म्हणता त्या दोन तक्त्यांची तुलनाही मी करून पाहिली. नव्या तक्त्यावर तुमचे अडतीस म्हणजे १०४ होतात. जुन्यावर आईचे एक्केचाळीस म्हणजे ११६. आई तीन वर्षं आधी जन्मली असती किंवा तुम्ही तीन वर्षं उशिरा, तर आज आपल्या घरात अर्ज कोणी कोणाला वाचून दाखवला असता, याचा विचार करतेय.

आणखी एक. प्रत्येक पत्रिकेच्या मागे, ती कोणी आणि कधी काढून पाहिली, त्याची चिठ्ठी टाचलेली असते. ही पद्धत तुम्हीच सुरू केलीत असं इथे सांगतात. तुमच्या आणि आईच्या चिठ्ठीवर एकच तारीख आहे, बावीस वर्षांपूर्वीची, आणि एकच सही. ती सही मी माझ्या प्रत्येक वाढदिवसाच्या पुस्तकावर पाहिली आहे.

मी आईला काही सांगणार नाही. ते माझं काम नव्हे. एकतीस तारीख लक्षात असू द्या.

लोभ आहेच. थोडा रुसलेला आहे.

तुमची भाची

१९ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर सांगता आलं असतं, पण तू मध्येच शिलाईचं काहीतरी विचारलं असतंस आणि मी तेच धरून बोलत बसलो असतो. म्हणून लिहितोय.

अकराव्या वर्षीच्या चाचणीत तू माझ्यापेक्षा तीन उत्तरं जास्त बरोबर दिली होतीस. मला जुन्या तक्त्याने मोजलं आणि तुला नव्या. आपल्यात एवढाच फरक होता. सविस्तर तुझी मुलगी सांगेल, ती हे माझ्याइतकंच जाणते.

हे मला बावीस वर्षांपासून ठाऊक आहे. तुला आठवत असेल, त्या वर्षी तू मला विचारलंस की शिवणशिक्षिकेच्या परीक्षेला बसू का. मी म्हटलं, उद्यापर्यंत थांब. दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन मी दोन्ही पत्रिका काढल्या, शेजारी ठेवून पाहिल्या. संध्याकाळी तुझ्याकडे आलो आणि सांगितलं, तुला झेपणार नाही.

का सांगितलं, हे मी स्वतःला पुष्कळ प्रकारे समजावलंय. तुझी दगदग होईल, मुलगी लहान आहे, वगैरे. खरं एवढंच, की तू पास झाली असतीस तर घरात हुशार कोण हे नव्याने ठरवावं लागलं असतं. मला दुसरं काही येत नव्हतं गं.

तुझी पत्रिका एकतीस तारखेला फाडतील. हवी असेल तर अर्ज कर. क्षमा मागतो, पण मिळावी असा आग्रह नाही.

दादा

२७ मार्च

ती. दादास,
नमस्कार.

पत्र मिळालं त्या दिवशी दुकानात गणवेशांची घाई होती. मी पत्र कात्रीखाली ठेवलं आणि सगळे गणवेश कापून झाल्यावर पुन्हा वाचलं. एकही तुकडा वाया गेला नाही, हे तुला कळावं म्हणून लिहिते.

तक्त्याचं मुलीने समजावलं, पण मला ते माझ्या पद्धतीने कळलं. एकदा माझी मापाची कापडी टेप पाण्यात पडून आटली होती. दिवसभर ज्याला त्याला मोजावं त्याचं माप वाढीव. गिऱ्हाइकं काही जाड झाली नव्हती. तुझं तसं झालं.

आता माझं ऐक, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुझी चाचणी झाली त्या दुपारी तू मला मागच्या पायरीवर बसवून, आठवतील तेवढी चित्रं खडूने काढून दाखवलीस. रांगेत पुढचं चित्र कोणतं, ते मी ओळखायचं. तीन वर्षं आपण तोच खेळ खेळलो. माझ्या चाचणीत तीच चित्रं समोर आली. ही चोरी आहे असं वाटलं, पण सोडवत गेले. आणि तरी खालीच राहिले. तेव्हा मी मनाशी ठरवलं, जिला आधी शिकवूनसुद्धा जमत नाही ती खरोखरच मठ्ठ असणार. लोक म्हणत होते म्हणून मी मानलं नाही, दादा. माझ्याकडे पुरावा होता. एक्कावन्न वर्षं मी तो कोणाला कळू दिला नाही, तुलासुद्धा नाही, कारण तुला तुझ्या शिकवण्याचं वाईट वाटलं असतं.

माझे तीन जास्त आले ते तुझ्यामुळेच असतील. मग तू आलास आणि झेपणार नाही म्हणालास. याचा मला राग आहे. चाचणीचा नाही, त्या संध्याकाळचा आहे.

अर्ज मी केला. कोणाला वाचून दाखवला नाही. कारण म्हणून एक रकाना होता, तिथे बघायची आहे असं लिहिलं. पत्रिका काल मिळाली. अक्षर बरं होतं माझं.

रविवारी ये. राग असेल, तो घेऊनच बसेन. मुलगी रद्दीतल्या दोन कोऱ्या प्रश्नपत्रिका आणणार आहे, आपण दोघांनी न पाहिलेल्या. दोन पेन्सिलींना टोक काढून ठेवलं आहे. तुझा तक्ता घरीच ठेव. बरोबर किती, तेवढंच मोजायचं.

तुझी धाकटी