एकतिसाव्या मिनिटाचं ठिगळ

४ मार्च

तीन संध्याकाळी, नऊ कॅसेट. दोनशे दहा खुर्च्यांचं थिएटर, शेवटच्या रांगेपासून स्टेज अकरा मीटर. चाहत्यांच्या गटाला वीस वर्षांपूर्वीच्या या कार्यक्रमांचा स्वच्छ संच काढायचा आहे. सोबत त्यांच्या आठवणीही रेकॉर्ड करायच्या. काम माझ्याकडे आलं, कारण मूळ रेकॉर्डिंग दादाचं आणि ध्वनीचं शिक्षण माझं.

बँड असा, की एक गाणं धरलं की चाळीस मिनिटं सोडायचा नाही. माणसं त्या मिनिटांवर अजून जगताहेत.

मी सहा वर्षांची होते. तिन्ही दिवस दादाबरोबर हजर. तिसऱ्या दिवशी तिथे मारामारी झाली, तेव्हा मी झोपले होते म्हणे. आई अजून ऐकवते — "इकडे डोकी फुटताहेत आणि आमची बाई मशीनच्या पेटीवर घोरतेय."

६ मार्च

पहिले आले ते शाळामास्तर. विचारलं गाण्याबद्दल, सांगितली मारामारी. तिसरी संध्याकाळ, दुसरं गाणं, एकतिसावं मिनिट. थिएटरच्या लाइटवाल्याने मुद्दाम दादाचा माइकचा स्टँड पाडला. लोक उठले.

"खुर्च्यांच्या दोन रांगांमध्ये दाबला त्याला. पडायलासुद्धा जागा नव्हती. आणि गंमत बघा, ड्रम चालूच. एक ठोका, एक लाथ."

माझ्या टेबलावर मुठीने वाजवून दाखवलं. ताल पक्का होता. मशीनवरचा आवाजाचा काटा लाल पट्टीत जात होता म्हणून मी आवाज कमी केला.

८ मार्च

दातांची डॉक्टर. तेव्हा कॉलेजात होती. मारलं नाही म्हणाली, फक्त त्याचे पाय धरले. दोन दात पडले ते तिने ओळखले — कोणते, तेही सांगितलं. डोळा स्टँडच्या लोखंडी पायाने गेला. कोणी मारला, माहीत नाही. "पण काय संध्याकाळ होती! तसं वाजवणं पुन्हा झालं नाही."

सुरुवात लाइटवाल्याने केली, हे सगळ्यांचं एकच.

९ मार्च

तिसऱ्या दिवसाच्या कॅसेटमध्ये ठिगळ सापडलं.

यात वावगं काही नसतं. कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. उलटताना काही सेकंद जातात, तिथे दुसऱ्या कोणाच्या टेपचा तुकडा जोडतात. पण हे ठिगळ ३१:०८ला आहे. चार मिनिटांचं. तिथे कॅसेट उलटायचं कारणच नाही. वेग एक टक्का जास्त, आवाज मागच्या रांगेतला. त्यात थोडा वेळ ड्रम, मग नुसता लांबचा गलका. हे जोडकाम दादाचं आहे.

रेकॉर्डिंग करणाऱ्यांचा एक नियम असतो. टेप फिरतेय तोवर तोंडातून शब्द काढायचा नाही. दादा खोकला आला तर रुमाल दातांत धरायचा. माझ्या चूं-चूं वाजणाऱ्या चपला तो दारातच काढून पिशवीत कोंबायचा.

मग पुसण्यासारखं काय होतं?

१० मार्च

दादाला फोन केला. टेप खराब झाली होती, म्हणाला. कशी, विचारलं.

"तुला काय करायचंय? ऐकताना कळत नाही ना? झालं तर मग."

दादा माझ्यावर कधी ओरडत नाही. आज ओरडला.

११ मार्च

लाइटवाले काका स्वतःहून आले. डावा डोळा काचेचा. संच निघतोय हे त्यांच्या कानावर गेलं होतं.

त्या संध्याकाळनंतर थिएटरने काढलं. मग कुठल्याच हॉलने ठेवलं नाही. स्टँडला हात लावला नव्हता, असं वीस वर्षं सांगताहेत. घरातही कोणाला पटलं नाही. बायको म्हणायची, उगाच कोण कशाला मारेल, काहीतरी केलं असणार.

"मी तीन वेळा म्हणालो होतो, मी नाही. ते टेपमध्ये असेल. तेवढं राहू द्या, बाई."

तो भाग यात नाही, मी म्हणाले. त्यांनी चांगल्या डोळ्याने मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मग शोधा."

१३ मार्च

मास्तरांकडे प्रत आहे! दादाने दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांना कॅसेट उतरवून घ्यायला दिली होती, म्हणजे ठिगळाच्या आधी. सुरुवातीलाच खरखर फार म्हणून त्यांनी पुढे कधी लावलीच नाही. परवा पाठवतात.

दादाला सांगितलं. सरळ विचारलं, लोकांना तूच उठवलंस ना. एका माणसाचा डोळा काढलास आणि वर चार मिनिटं पुसून टाकलीस. आणखीही बोलले. ते इथे लिहीत नाही.

दादा म्हणाला, "हो. मीच. तसंच सांग सगळ्यांना. फक्त ती कॅसेट ऐकू नकोस."

१५ मार्च

ऐकली.

स्टँड पडतो. दादा बोलतो — नऊ कॅसेटमध्ये पहिल्यांदाच. "कोणी पाडलं?" दोन सेकंद नुसती खरखर. मग दादाच : "धरा त्याला."

लाथा मोजल्या. एकोणीस. हाड आणि लाकूड यांचे आवाज वेगळे असतात. यात दोन्ही आहेत. अकराव्या लाथेला ड्रमवाल्याचं लक्ष जातं आणि तो थांबतो. उरलेल्या आठ ठेक्याशिवाय आहेत. मास्तरांना त्या आठ आठवत नाहीत. कोणीतरी हसतंय, बाई असावी.

"मी नाही" तीन वेळा आहे. काकांचा आकडा बरोबर. तिसऱ्या वेळी तोंडात रक्त आहे, शब्द बुडतो.

मधली दोन सेकंद आणि स्टँड पडण्याआधीचा भाग उद्या साफ करते.

१६ मार्च

साफ झाली. स्टँड पडण्याआधी चार पावलं, प्रत्येक पावलाला चूं — चपला मी पिशवीतून काढून घातल्या होत्या. वायर पायात अडकते. धाड. "कोणी पाडलं?" आणि पेटीच्या उंचीवरून, झोपेचा मागमूस नसलेला, माझा आवाज :

"त्या लाइटवाल्या काकांनी."

दादाला साडेतीनला बोलावलं आहे. काकांना चार वाजता. ठिगळ काढलं, मूळ चार मिनिटं परत जोडली.