दोनदा जेवलेली कुमारिका

दुर्गाघाट, वाराणसी
दसरा, २ ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप शिवरामदादास,

साष्टांग नमस्कार. इथं सगळं ठीक. गंगा ओसरली, घाटावरचा गाळ उपसणं चाललंय. आईचा गुडघा तसाच, जीभ मात्र ठणठणीत! वहिनीच्या चकल्या पोचल्या. निम्म्या आईनं लपवल्यात.

तू फोनवर विचारलंस, पीएच.डी.चा फॉर्म भरलास का? मी म्हटलं, इंटरनेट बंद होतं. थाप होती. गेली दोन वर्षंही थापच मारली. तोंडानं सांगवत नाही, म्हणून लिहितेय.

ते नवरात्र आठवतं? मी आठ वर्षांची, तू पंधराचा. बाबा ज्यांच्याकडे भिक्षुकी करायचे, त्या यजमानांनी मला कुमारिका म्हणून बोलावलं होतं. उपाशी जायचं असतं, ठाऊक होतं मला. पण वाटेत ब्रह्माघाटावर एका बाईंनी हाक मारली, खीर होती, बसले जेवायला. घरी आठवडाभर नुसती खिचडी होती रे! मग यजमानांकडेही जेवले आणि देवीपुढंच ओकले. त्यांनी अपशकुन धरला, बाबांना पुन्हा बोलावलं नाही. त्याच वर्षी तू दहावी सोडून भांड्यांच्या दुकानात लागलास.

तुझी शाळा मी खाल्ली, दादा. तू कधी टोमणासुद्धा मारला नाहीस, तेच जास्त लागलं. पुढं शिकायचं म्हटलं की वाटतं, या हावरटीला आणखी काय हवंय?

परवा अष्टमीला मी कुमारिका बोलावल्या. गल्लीतली कस्तुरी आली, आठ वर्षांची. खिशात दुसऱ्या घरच्या पुऱ्या! वर ऐटीत सांगते, "दीदी, उधर खा के आए हैं, यहाँ भी खाएँगे."

पाय धुवायला घेतला, तर अख्खं पाऊल माझ्या तळहातात मावलं. एवढंसं! एवढ्याशा पोरीनं कुणाचं घर बुडतं होय? मला रडूच फुटलं. ती घाबरली. म्हणाली, "रोइए मत दीदी, हम कम खाएँगे."

मी तिला पोटभर वाढलं. खीर तीनदा.

आज सकाळी फॉर्म भरला. बाबा नाहीत, म्हणून पालक म्हणून तुझं नाव घातलंय, न विचारता. तेव्हा रागावला होतास का माझ्यावर? खरं सांग. काहीही सांगितलंस तरी फॉर्म मागं घेणार नाही.

वहिनीला नमस्कार.

तुझी हावरट बहीण,
मधुरा